मुलांना अन्नसुरक्षेची सगळी उत्तरं येतात, पण सुट्टीत वागतात उलटंच. वर्गात नेमकं काय आणि कसं शिकवू?

खडू_फळा

नमस्कार मंडळी. मी १३ ते १५ वयाच्या मुलांना विज्ञान शिकवते. अन्नसुरक्षेचा भाग दोन पिरियडमध्ये घेतला, हात धुणं, झाकून ठेवणं, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवणं, नीट शिजवणं, सगळं झालं. चाचणी घेतली तर बहुतेकांना पैकीच्या पैकी. मला वाटलं चला, झालं काम. आणि दुसऱ्याच दिवशी सुट्टीत व्हरांड्यात उभी होते तर काय बघते, एकीचा घास खाली पडला, तिने उचलला, फुंकर मारली, "पाच सेकंद नाही झाले" म्हणाली आणि तोंडात टाकला, शेजारी चौघं एकाच बाटलीला तोंड लावून पाणी पितायत, आणि हात धुवायला नळाकडे अख्ख्या वर्गातून सहासात जण गेले असतील नसतील.

पण खरी मनाला लागलेली गोष्ट वेगळी आहे. एक मुलगा आहे, हुशार, चाचणीत "शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये" असं अगदी बरोब्बर लिहिलेलं त्याने. सुट्टीत त्याच्या डब्यात अर्धा भात उरलेला, झाकण लावून दप्तरात ठेवत होता. मी सहज विचारलं, हा आता काय करणार, तर म्हणाला संध्याकाळी क्लासच्या आधी खातो. डबा भरतात सकाळी सहाला. मी म्हटलं अरे काल तूच लिहिलंस ना, तर माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "हो मॅडम, पण वास आला नाही तर चांगलाच असतो ना." म्हणजे पेपरातलं उत्तर एका कप्प्यात आणि डबा दुसऱ्या कप्प्यात, दोघांची गाठच पडलेली नाही.

तर आता मला अजून चार पिरियड मिळतायत. मुलं ४८, लॅब नाही म्हटलं तरी चालेल, फ्रीज नाही. सडक्या अन्नाचे आणि अळ्यांचे फोटो दाखवून पाहिले तर मुलं हसायला लागली. भीती घालावी का? प्रयोग करावेत का, कुठले? वर्गात दोघांना अ‍ॅलर्जी पण आहे, तो विषय यातच घ्यावा की वेगळा? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा प्लीज.

सूक्ष्मजीव_वाला

मी फूड टेस्टिंगच्या लॅबमध्ये काम करतो, शिक्षक नाही, त्यामुळे शिकवायचं कसं ते बाकीचे सांगतील, पण तुमच्या त्या मुलाच्या वाक्यावर मला बोलायचंय कारण अहो मोठी शिकलीसवरलेली माणसंसुद्धा हेच म्हणतात. वास आला नाही म्हणजे चांगलं. इथेच सगळा घोळ आहे. अन्नाला वास आणणारे, बुळबुळीत करणारे, आंबवणारे जंतू एक, आणि माणसाला आजारी पाडणारे बरेचदा दुसरेच. आजारी पाडणाऱ्यांना अन्न दिसायला खराब करण्याची गरजच नसते. त्यामुळे भात छान पांढरा, सुटासुटा, वास नाही आणि तरी पोटात गेल्यावर तासा-दोन तासांत उलट्या असं होऊ शकतं.

भातातलं उदाहरण मुलांना जरूर सांगा. बॅसिलस सेरियस नावाचा बॅक्टेरिया आहे, तो मातीत असतो, तिथून तांदळात येतो. त्याचे स्पोअर म्हणजे समजा कवच घालून झोपलेला जंतू. भात शिजवला तरी हे स्पोअर जिवंत राहू शकतात. भात कोमट होऊन तसाच पडून राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि एक टॉक्सिन, म्हणजे विष, सोडतात, आणि हे उलटी करवणारं टॉक्सिन परत गरम केलं तरी जात नाही. हा मुद्दा मुलांच्या डोक्यात बसला पाहिजे, कारण "परत चांगलं उकळून घेतलं की झालं" हा घराघरातला समज आहे. स्टॅफिलोकोकसचंही तसंच, तो आपल्या नाकात, कातडीवर, पिकलेल्या जखमेत असतो, हाताने अन्नात जातो, जंतू उष्णतेने मरेल पण त्याने आधीच सोडलेलं टॉक्सिन टिकून राहतं. जंतू मारणं आणि त्याचं विष घालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढं जरी पोरांना कळलं तरी मी म्हणेन पिरियड सार्थकी लागला.

आकडे द्यायचे तर दोनच द्या, ५ आणि ६०. ५ डिग्री सेल्सियसच्या खाली बहुतेक जंतूंची वाढ मंदावते, ६० च्या वर थांबते, मधला सगळा पट्टा त्यांच्या सोयीचा. शिजवताना अगदी आतपर्यंत ७० डिग्री गाठायला हवेत. आणि वाढ कशी होते हे सांगू नका, करायला लावा. चांगली परिस्थिती असेल तर काही बॅक्टेरिया साधारण २० मिनिटांत दुप्पट होतात. एकापासून सुरू करा, पोरांना फळ्यावर दुप्पट करत जायला सांगा. तासाभरात ८, दोन तासांत ६४, पोरं म्हणतील हे तर काहीच नाही. चार तासांत ४०९६. सात तासांत २० लाख ९७ हजार १५२. शेवटच्या दोन तासांतच ३० हजारांवरून २० लाखांवर उडी जाते, ती उडी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली पाहिजे. फक्त एक प्रामाणिकपणे सांगा की प्रत्यक्ष अन्नात सुरुवातीला जंतू थोडा वेळ रुळायला घेतात आणि दर वेळी इतक्या वेगाने वाढतातच असं नाही, हे गणित वेग कळावा म्हणून आहे.

आणि ते पाच सेकंदांचं. त्यावर खरंच प्रयोग झालाय, २०१६ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेला. कलिंगड, ब्रेड, लोणी लावलेला ब्रेड आणि गमी कँडी हे चार पदार्थ स्टील, टाइल, लाकूड आणि कार्पेट अशा चार पृष्ठभागांवर टाकले, एक सेकंदापासून पाच मिनिटांपर्यंत. एका सेकंदाच्या आतसुद्धा जंतू पदार्थावर गेलेले सापडले. सगळ्यात जास्त कलिंगडावर, कारण ते ओलं, सगळ्यात कमी गमीवर. आणि कार्पेटवरून स्टील-टाइलपेक्षा कमी आले, हे ऐकून पोरं चाट पडतात. वेळ वाढला तसे जंतू वाढले हे खरं, पण पाच सेकंदांपर्यंत काही होत नाही असं मुळीच नाही. मी असतो तर निकाल आधी सांगितलाच नसता, आधी सगळ्यांकडून अंदाज लिहून घेतला असता.

सातवी_तासिका

मी २२ वर्षं शिकवतोय आणि हा विषय वेगवेगळ्या पद्धतीने करून पाहिलाय, काही फसले काही जमले, तर जे जमलं ते लिहितो, थोडं लांबेल.

आधी एक सावध करतो. पाण्यात मिरपूड टाकून साबण लावलेलं बोट बुडवायचं आणि मिरपूड लांब पळते तो प्रयोग सगळीकडे फिरतोय. तो करू नका, किंवा केला तर पृष्ठताणाचा म्हणून करा. मिरपूड पळते ती साबणाने पृष्ठताण कमी झाल्यामुळे, जंतू काही साबणाला बघून पळत नाहीत. मी तो दोन वर्षं मोठ्या हौसेने केला आणि नंतर एका मुलीने पेपरात लिहिलं की साबणाचं बोट जवळ नेलं की जंतू दूर जातात. म्हणजे चूक मीच शिकवली होती. साबणाचं खरं काम हाताचा तेलकट थर सोडवणं आणि पाण्याबरोबर जंतू वाहून नेणं, शिवाय काही विषाणूंचं चरबीचं आवरण तो फोडतो. म्हणून चोळायला लागतं, म्हणून वेळ द्यावा लागतो.

त्याऐवजी हे करा. एका मुलाच्या तळहाताला थोडंसं तेल आणि त्यावर चमकी. तो शेजाऱ्याशी हात मिळवतो, तो पुढच्याशी, असं सहासात जण. मग एकाने दाराची कडी धरायची, एकाने वही उघडायची, एकाने रिकामा डबा उघडायचा. मग सगळ्यांनी शोधायचं चमकी कुठपर्यंत पोचली. मग धुणं, एक गट नुसत्या पाण्याने, एक गट साबणाने पाच सेकंद, एक गट साबणाने वीस सेकंद. कागदावर हाताचं चित्र काढून जिथे चमकी उरली तिथे ठिपके द्यायचे. दर वर्षी तेच निघतं, अंगठे, बोटांची टोकं आणि नखांच्या कडा. आणि ठिपके दिलेला कागद मुलाचा स्वतःचा असतो, त्यावर त्याला वाद घालता येत नाही. धुण्याआधी हात डोळ्याला लावू नका एवढं बजावून सांगा, चमकी डोळ्यात गेली तर त्रास होतो.

ब्रेडच्या बुरशीचा प्रयोग हरकत नाही, पण पिशव्या एकदा सीलबंद केल्या की शेवटपर्यंत उघडायच्या नाहीत, न उघडताच टाकायच्या, आणि बुरशी दिसली म्हणजे आजारी पाडणारे जंतू दिसले असं नाही हेही सांगा, नाहीतर परत तोच घोळ, दिसलं तरच वाईट.

पण माझा सगळ्यात आवडता पिरियड म्हणजे तपासाचा. मी एक काल्पनिक सहल करतो. ४० मुलांचा तक्ता, कोणी भात खाल्ला, कोणी अंडं, कोणी चिकन, कोणी कापलेली फळं, कोणी दूध, आणि कोण किती वाजता आजारी पडलं. गट पाडतो आणि म्हणतो दोषी शोधा. पहिल्यांदा सगळे चिकनवर तुटून पडतात. मग विचारायचं, चिकन खाल्लेल्यांपैकी किती टक्के आजारी, न खाल्लेल्यांपैकी किती टक्के? दोन्ही टक्केवाऱ्या जवळपास सारख्या आल्या की चिकन सुटलं. मग कापलेल्या फळांकडे येतात, आणि मग तक्त्यात खाली एक ओळ असते की फळं कापायला चिकनचीच सुरी आणि पाट वापरला होता. तिथे वर्गात जी शांतता होते ना, त्या शांततेसाठी मी हा पिरियड घेतो. चिकन नीट शिजलं म्हणून सुटलं आणि फळं कच्चीच खाल्ली म्हणून अडकली, हे त्यांनी स्वतः शोधलेलं असतं. (यावरूनच सांगून टाका की कच्चं चिकन नळाखाली धुऊ नये, शिंतोडे सिंकभर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात, जंतू मरतात ते शिजवल्यावरच.)

आणि वेळ उरला तर मेरी मॅलनची गोष्ट. न्यूयॉर्कमधली स्वयंपाकीण, स्वतः ठणठणीत पण अंगात टायफॉइडचे जंतू. १९०६ मध्ये एका घरात ११ पैकी ६ जण आजारी पडले, जॉर्ज सोपर नावाच्या माणसाने शोध घेतला. त्याला कोडं पडलं की शिजवलेल्या अन्नातून हे कसं जाईल, आणि मग कळलं की ती ताजी पीच फळं कापून घातलेलं आइस्क्रीम करायची, त्यात काहीच शिजत नव्हतं. १९०७ मध्ये तिला वेगळं ठेवलं, १९१० मध्ये स्वयंपाक करणार नाही या वचनावर सोडलं, १९१५ मध्ये ती नाव बदलून एका प्रसूतिगृहात स्वयंपाक करताना सापडली, तिथे २५ जण आजारी आणि त्यातले दोघं दगावले. त्यानंतर १९३८ मध्ये मरेपर्यंत ती एकटी ठेवलेली. या वयाच्या मुलांना न्याय-अन्यायाची फार ओढ असते. तिच्यावर अन्याय झाला का, तिला दुसरं काम कोणी दिलं असतं का, ती ऐकत का नव्हती, यावर माझ्या वर्गात दोन पिरियड भांडण चाललंय. आणि त्या भांडणात "मला काही होत नाहीये म्हणजे माझ्याकडून कोणाला काही होणार नाही" हे वाक्य आपोआप मोडून पडतं.

खडू_फळा

वा, किती दिलंत तुम्ही दोघांनी. तपासाचा पिरियड तर घेणारच. मिरपुडीचा प्रयोग मी पुढच्या आठवड्यात करणार होते, वाचले.

एक अडचण राहतेच. काही मुलांच्या घरी फ्रीज नाही, काहींच्या घरी आई-वडील दोघंही पहाटे निघतात आणि मुलं रात्रीचंच खाऊन येतात. "असं ठेवू नये तसं खाऊ नये" म्हणताना त्या मुलांची मान खाली जाते ते मला दिसतं. त्यांना लाज वाटायला लावून मला काहीच शिकवायचं नाहीये.

दुपारचा_डबा

मी शिक्षिका नाही, आई आहे, आणि दोन वेळचा स्वयंपाक करणारी बाई आहे. तुमचं हे शेवटचं वाचून लिहावंसं वाटलं.

माझ्या मुलीच्या शाळेत मागे एकदा असंच व्याख्यान झालं होतं, कोणी बाहेरून आले होते. फोटो, आकडे, अमुक खाल्लं की हे होतं तमुक खाल्लं की ते होतं. ती तेव्हा १३ ची. घरी आली आणि सरळ आजीला म्हणाली तू घाणेरड्या हाताने करतेस, मी खाणार नाही. आजी काही बोलल्या नाहीत, पदराला हात पुसत आत गेल्या. ते एक. आणि दुसरं म्हणजे पुढचे जवळजवळ तीन आठवडे ती डबा न खाता फेकून देत होती हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. विचारलं तर रडायला लागली, म्हणे मला प्रत्येक घासात काहीतरी वळवळतंय असं वाटतं. या वयात मुली आधीच खाण्यावरून, अंगावरून काय काय मनात घेऊन बसलेल्या असतात, त्यात आपण भीतीची भर घालायची नाही हो. मॅडम तुम्ही विचारलंत ना भीती घालावी का, तर माझं हात जोडून सांगणं आहे की नका घालू.

तिला बरं कशाने वाटलं सांगते. मी तिला एक काम दिलं, रात्रीचं उरलेलं नीट ठेवायचं काम तुझं. मोठ्या पातेल्यात गरमगरम ढीग तसाच ठेवला तर मधोमध तासन् तास कोमट राहतो, म्हणून पसरट आणि उथळ भांड्यांत थोडंथोडं काढून लवकर गार करायचं आणि मग फ्रीजमध्ये. ती हात घालून नाही, बाहेरून भांड्याला हात लावून बघायची कुठलं आधी गार झालं. तिच्या हातात काहीतरी आलं तशी भीती गेली. आणि आजीशी बोलताना काय म्हणायचं तेही शिकवावं लागलं, "तू चुकतेस" नाही, "मी आज करू का हे?"

आणि फ्रीज नसेल तर? आमच्याकडेही किती वर्षं नव्हता. तेव्हा बेत सोपा असतो, लागेल तेवढंच शिजवायचं, शिजलं की खायचं, डब्यात थोडं कमी भरायचं म्हणजे उरत नाही. ज्याच्या घरी फ्रीज नाही त्याच्या घरच्यांना या गोष्टी बहुतेक वेळा जास्तच कळतात. वर्गात विचारा की फ्रीज नसताना तुमच्या घरी अन्न टिकवायला काय करतात. ती मुलं मान वर करून बोलतील बघा.

पांढरा_कोट

शाळेत नर्स म्हणून काम करते. थोडक्यात दोन-तीन गोष्टी.

अ‍ॅलर्जी वेगळी घ्या, जंतूंच्या पिरियडमध्ये मिसळू नका. कारण नियमच वेगळे आहेत आणि मुलं गल्लत करतात. बहुतेक जंतू नीट शिजवल्याने मरतात, पण अ‍ॅलर्जी आणणारा घटक शिजवून किंवा तळून जातोच असं धरून चालता येत नाही. "थोडंसंच होतं" हेही चालत नाही, चमचा नुसता पुसला आणि परत वापरला तेवढंही काहींना पुरतं. वर्गाला सांगायचं ते हे की ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याला "खाऊन बघ रे काही होत नाही" म्हणायचं नाही आणि गंमत म्हणून लपवून द्यायचं तर मुळीच नाही. ओठ सुजणं, अंगावर गांधी, आवाज बसणं, श्वास लागणं असं काही दिसलं तर त्याला एकटं न सोडता एकाने पळत मोठ्या माणसाला बोलवायचं. त्या दोन मुलांना आधी विचारा मात्र, वर्गात त्यांचं नाव घेतलेलं चालेल का. मी एकदा न विचारता घेतलं होतं आणि ती मुलगी पुढे कितीतरी दिवस माझ्या खोलीकडे फिरकली नाही.

दुसरं, आजारी पडलं की सगळे शेवटचं जे खाल्लं त्याच्यावर आळ घेतात. स्टॅफिलोकोकसचं टॉक्सिन अर्ध्या तासापासून आठ तासांत दाखवतं, पण साल्मोनेला हा जंतू सहा तासांपासून सहा दिवस घेऊ शकतो, कॅम्पिलोबॅक्टर बहुधा दोन ते पाच दिवस, आणि हिपॅटायटिस ए तर १५ ते ५० दिवस. म्हणजे आजच्या काविळीचं कारण गेल्या महिन्यातलं असू शकतं. सातवी_तासिका यांच्या तक्त्यात हे वेळेचं कोडं घाला, फार छान बसेल.

तिसरं, सॅनिटायझर. मुलांना वाटतं दोन थेंब चोळले की झालं. उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस आहे त्याच्यावर अल्कोहोलचं सॅनिटायझर नीट काम करत नाही, साबण-पाणीच लागतं. आणि उलट्या-जुलाब थांबल्यावरही दोन दिवस दुसऱ्यांसाठी जेवण करायचं किंवा वाढायचं नाही, हे घरी धाकट्या भावंडांना भरवणाऱ्या मुला-मुलींना खास सांगा. कारण लहानांना जास्त फटका बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जो अंदाज दिला त्यात दूषित अन्नामुळे वर्षाला ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मरतात असं होतं, त्यातली सव्वा लाख मुलं पाच वर्षांखालची. १४ वर्षांच्या मुलाला स्वतःबद्दल "मला काय होतंय" वाटतं, पण घरातल्या बारक्याबद्दल विचारलं की तो थांबतो, हे मी कितीदा पाहिलंय.

नळ_आणि_रांग

सगळ्यांचं पटतंय पण मला एक विचारायचंय, मुलं हात धुवायला जात नाहीत म्हणता, तर तिथे साबण आहे का? मी आधी ज्या शाळेत होतो तिथे भिंतीवर हात धुण्याच्या सात पायऱ्यांचं रंगीत पोस्टर आणि खाली नळाला महिनोन् महिने साबण नाही. मुलं मूर्ख नसतात, त्यांना बरोब्बर कळतं की मोठ्यांना हे मनापासून हवंय की नुसतं भिंतीवर हवंय.

मी हेच पोरांना मोजायला लावलं. तुमच्या वर्गात ४८ मुलं, समजा नळ तीन, प्रत्येकी २० सेकंद, तर ३२० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं २० सेकंद, आणि हे नुसतं चोळण्याचं, येणं-जाणं, ओलं करणं, खळखळून धुणं वेगळंच. एकाच वेळी शेजारचे दोन वर्ग आले तर तिप्पट. सुट्टी केवढी? मुलांनी आठवडाभर नळाशी उभं राहून नोंद ठेवली, किती आले, किती जणांनी साबण वापरला, साबण कधी संपला. कोणाचं नाव लिहायचं नाही फक्त आकडे, हा नियम त्यांनीच केला. मग त्यांनीच मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं, तक्त्यासकट, की सुट्टीच्या पाच मिनिटं आधी वर्ग आळीपाळीने सोडा आणि साबणाची जबाबदारी एका वर्गाकडे द्या. आळीपाळीने सोडणं मान्य झालं. साबणाला वेळ लागला, पण आला.

खडू_फळा

तीन आठवड्यांनी परत आलेय, काय झालं ते सांगते.

चमकीचा पिरियड गाजला. आमचेही अंगठेच निघाले. तपासाच्या तक्त्यात मी पांढरा_कोट यांचं वेळेचं कोडं घातलं आणि एक गट पाच दिवसांपूर्वीच्या जेवणापर्यंत मागे गेला, बरोबर निघाले ते. मेरी मॅलनवर मात्र वर्ग अजून भांडतोय, त्यातल्या दोन मुलींनी आपणहून "तिला दुसरं काम का नाही दिलं" यावर पानभर लिहून आणलंय. फ्रीज नसण्याचा प्रश्न दुपारचा_डबा ताईंनी सांगितला तसा विचारला. जी मुलगी वर्षभर वर्गात तोंड उघडत नव्हती ती दहा मिनिटं बोलली. ताई, मनापासून आभार.

पण मुख्य सांगायचंय ते त्या भातवाल्या मुलाचं. मी त्याला काही समजावायला गेलेच नाही. एक स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर आणला आणि त्यालाच विचारलं, एका डब्याचं दिवसभर टेंपरेचर घेशील का. खाण्याचा डबा नाही, मुद्दाम वेगळा भात भरलेला डबा, जो नंतर टाकूनच द्यायचा. त्याने सकाळपासून दर तासाला मधोमध टोचून आकडा घेतला आणि शेवटच्या पिरियडला फळ्यावर ग्राफ काढला. ५ ला एक आडवी रेघ, ६० ला एक. भात पहिल्या तासाभरातच ६० च्या खाली आला होता आणि मग दिवसभर त्या दोन रेघांच्या मध्येच. खडू हातात धरून तो जरा वेळ ग्राफकडेच बघत उभा राहिला. मग त्याने स्वतःच डब्याचं झाकण काढलं, वास घेतला आणि वर्गाला म्हणाला, "वास काहीच नाहीये." मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं मग चांगला असेल, तर हाच म्हणाला, अरे ग्राफ बघ ना.

परवा त्याचा डबा पाहिला, छोटा आणलाय, सुट्टीत पूर्ण संपवला. संध्याकाळसाठी काय म्हटलं तर केळी दाखवली दोन, सालासकट.

आता पुढच्या आठवड्यात सहा गटांना सहा वेगवेगळे डबे मोजायचेत, गरम भरलेला, गार करून भरलेला, कापडात गुंडाळलेला वगैरे. थर्मामीटर एकच आहे. सूक्ष्मजीव_वाला, एका डब्यातून दुसऱ्यात जाताना टोक साबणाने धुऊन पुसलं तर पुरे का, की स्पिरिट लावायला हवं? मुलांनीच विचारलंय.

सूक्ष्मजीव_वाला

आधी साबण-पाण्याने धुवायचं, कारण भाताचा कण चिकटलेला असेल तर त्याच्यावर स्पिरिट काही नीट काम करत नाही. मग स्वच्छ टिश्यूने पुसून अल्कोहोल वाइपने टोकापासून वर एक बोटभर पुसा आणि वाळू द्या, मगच पुढच्या डब्यात. फक्त टोक धुवा, डिस्प्लेत पाणी जाऊ देऊ नका. आणि सुरू करायच्या आधी थर्मामीटर खरा सांगतोय का ते बघून घ्या, बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी पेल्यात घेऊन ढवळा, टोक मधोमध धरा, पेल्याच्या तळाला टेकू देऊ नका, ० च्या आसपास आलं पाहिजे. ज्या मुलांनी हा प्रश्न विचारला त्यांनाच हे करायला द्या.